मधाची दोन गिऱ्हाइके

वाचकहो, दिवेलागणीनंतर अर्धा-पाऊण तास आपण कधी निशिगंधाच्या वाफ्याजवळ स्वस्थ बसला आहात काय? नसल्यास एकदा अवश्य बसावे. दिवा मात्र मालवावा आणि बोलणे बंद ठेवावे. प्रथम वास वाढतो. मग कोठून तरी एक घुर्र असा आवाज येतो आणि अंधारातून करड्या रंगाचा, टिटवीच्या पिलाएवढा वाटावा असा एक जीव थेट फुलासमोर येऊन हवेत थबकतो. तो फुलावर बसत नाही. जागच्या जागी पंख फडफडवीत, थोड्या अंतरावरून तो एक लांब दोरा फुलाच्या नळीत सोडतो, क्षणभर थांबतो, दोरा काढून घेतो आणि पुढच्या फुलाकडे वळतो. आपण श्वास जोरात सोडला तरी नाहीसा होतो.

गेल्या श्रावणापासून हा पाहुणा आमच्या अंगणात नेमाने येत आहे. त्याच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. परंतु लिहिण्याची वेळ आली ती त्याच्यामुळे नव्हे, त्याच्या बालकांमुळे. आमच्या सूनबाईंनी परसात रताळ्याचे वेल लावले आहेत. एके सकाळी पाहतो तो निम्म्या वेलाची पाने नाहीशी झालेली, नुसते देठ उभे! देठांवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या, शेपटाकडे एकेक वाकडे शिंग मिरवीत, शांतपणे न्याहारी करीत होत्या. शेजारचे गृहस्थ मोठे तत्पर. त्यांनी लागलीच औषधाचा पंप आणून दिला. सूनबाई पंप भरण्याच्या बेतात होत्या, तोच आमची नऊ वर्षांची नात मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्याच मोठ्या झाल्या की रात्रीचा आपला पाहुणा होतात ना? तुम्हीच सांगितलं होतं." सांगितले होते खरे. आता सून एका बाजूला, नात दुसऱ्या बाजूला आणि रताळी मध्ये, असा प्रसंग उभा राहिला. त्याचा निकाल काय लागला ते पुढे सांगेन. आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. आणि ती नीट व्हावी म्हणून त्याच्याच पंगतीला बसणाऱ्या, परंतु अगदी वेगळ्या घराण्यातील दुसऱ्या एका प्राण्याशी त्याची तुलना करू.

हा दुसरा प्राणी म्हणजे एक भुंगेरा. येथे शब्दांचा एक घोटाळा आरंभीच निस्तरला पाहिजे. आपले कवी ज्याला भ्रमर किंवा भुंगा म्हणतात, तो बहुधा लाकडात भोक पाडून राहणारा काळा, गुंजारव करणारा कीटक. तो मधमाशीच्या गोतातला. भुंगेरा निराळा. त्याचे पुढचे पंख टणक झालेले असतात आणि पेटीच्या झाकणासारखे पाठीवर बसतात. उडण्याचे पातळ पंख त्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. शेणातले भुंगेरे, धान्यातले सोंडे, चित्रांकित ढालकिडे हे सारे याच गणातले. शास्त्रज्ञांनी आजवर सुमारे ४ लाख जातींच्या भुंगेऱ्यांना नावे दिली आहेत. पतंग आणि फुलपाखरे मिळून दीड लाखाहून अधिक जाती भरतात. इतक्या मोठ्या दोन घराण्यांतून मी एकेकच प्रतिनिधी निवडला आहे.

पतंग आपल्या अंगणातला : रताळ्याचा पतंग. शास्त्रीय नाव 'अॅग्रियस कॉन्व्होल्व्ह्युली'. त्याच्या घराण्याला इंग्रजीत ससाण्याचे नाव आहे, आणि त्याची झेप पाहिल्यावर ते सार्थ वाटते. भुंगेरा मात्र दूरचा आहे. तो अमेरिका खंडात राहतो आणि त्याचे नाव 'नेमोग्नाथा'. ग्रीक भाषेत 'नेमा' म्हणजे दोरा व 'ग्नाथोस' म्हणजे जबडा. एकूण 'दोऱ्यासारख्या जबड्याचा' असा अर्थ. तो आपल्याकडे भेटणार नाही, परंतु त्याचे भाऊबंद भेटतात आणि त्यांच्यापासून जपून राहावे लागते. तेही पुढे येईलच.

आता सोंडेकडे वळू. रताळ्याच्या पतंगाचे शरीर सुमारे ५ सेंटिमीटर लांब. सोंड १० सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या दुप्पट. एवढी लांबण घेऊन उडायचे कसे? तर ती घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळून हनुवटीखाली ठेवलेली असते. फुलापाशी आल्यावर पतंग तिच्या मुळाशी शरीरातील द्रवाचा दाब देतो आणि गुंडाळी उलगडते. जत्रेत मुले फुंकून लांब करतात ती कागदी शिट्टी आठवावी. तत्त्व बरेचसे तेच. काम संपले की सोंडेतील बारीक स्नायू व तिचा स्वतःचा लवचिकपणा तिला पुन्हा गुंडाळतो.

सोंड म्हणजे एकसंध नळी असावी असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती दोन अर्ध्या पन्हळी समोरासमोर जोडून केलेली आहे. मौज अशी की पतंग कोशातून बाहेर येतो तेव्हा हे दोन भाग सुटे असतात. नवजात पतंग पंख वाळण्याची वाट पाहात एकीकडे बसलेला असतो, आणि दुसरीकडे ह्या दोन पन्हळी वारंवार गुंडाळून उलगडून एकमेकींत बसवीत असतो. कडांना सूक्ष्म आकडे असतात. ते एकदा अडकले की आयुष्यभराची नळी तयार झाली. या पहिल्या घडीत चूक झाली, तर जन्मभर उपास. चावण्याचे जबडे त्याला नसतातच, तेव्हा दुसरा मार्ग उरत नाही. मनुष्याच्या लेकराला जेवायला शिकवायला आई असते. याला कोणी नाही.

नेमोग्नाथा हा जेमतेम १ सेंटिमीटर लांबीचा भुंगेरा. त्याच्या कित्येक जातींत तोंडापासून निघालेले दोन केसाळ दोरे जवळजवळ अंगाएवढे लांब असतात. ते गुंडाळता येत नाहीत. सूर्यफुलाच्या व काटेरी ऊंटकटाऱ्याच्या जातकुळीतील फुलांवर तो चक्क बसतो, पाय रोवतो, आणि हे दोरे एकेका बारीक पुष्पकात खुपसून आतील मकरंद घेतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हेर्मान म्यूलर यांनी १८८० साली अशा भुंगेऱ्यावर एक लेख लिहिला, त्याचे शीर्षकच 'फुलपाखराची सोंड असलेला भुंगेरा' अशा अर्थाचे होते. भुंगेरे म्हणजे चावून खाणारी जात, अशी तोवर सर्वांची समजूत. म्हणून या शीर्षकातील नवल.

आता या तुलनेतील मला सर्वांत विस्मयकारक वाटणारी गोष्ट सांगतो. कीटकाच्या तोंडात वरच्या जबड्याखाली आणखी एक जोडी अवयवांची असते. झुरळ पाहिलेत तर ती सहज दिसते : घास धरायचा, चाचपायचा, आत लोटायचा, ही तिची कामे. या जोडीतील एका लहानशा पाकळीवजा भागाला शास्त्रज्ञ 'गेलिया' म्हणतात. पतंगाची सोंड ह्या दोन गेलियांचीच बनलेली आहे. आणि नेमोग्नाथाचे दोरे? तेही गेलियाच! पतंग व भुंगेरा यांचे पूर्वज फुटून निराळे झाले त्याला कोट्यवधी वर्षे लोटली. त्या समाईक पूर्वजाला सोंड नव्हती. पुढे दोघांनाही फुलाच्या तळाशी असलेल्या गोड थेंबाची ओढ लागली आणि दोघांच्या वंशांत, एकमेकांची चाहूलही नसताना, घरातले तेच जुने भांडे ठोकून ठोकून लांब केले गेले. एका गावातील दोन सुतारांनी, परस्परांना न विचारता, आजोबांकडून आलेल्या त्याच फळीची पन्हळ करावी, तसे हे झाले.

तथापि तोच अवयव वापरला पाहिजे अशी सक्ती निसर्गात नाही, हेही ध्यानी घ्यावे. भूमध्य समुद्राच्या परिसरात 'लेप्टोपाल्पस' नावाचा याच कुळातील दुसरा भुंगेरा आहे. त्याने गेलियांना हात न लावता शेजारच्या मिशीसारख्या स्पर्शकांची लांबण केली आहे. म्हणजे सख्खे चुलतभाऊ असून त्यांनी निराळी फळी उचलली, आणि दूरच्या पतंगाने मात्र नेमोग्नाथाचीच. वंशावळीवरून सवयींचा अंदाज बांधणाऱ्यांनी जरा बेताने बांधावा!

दोघांच्या पिण्याच्या रीतीत फरक आहे. पतंगाची नळी बंद. त्याच्या डोक्यात स्नायूंचा एक पंप असतो, तो आकुंचन-प्रसरण पावून रस वर ओढतो. आपण शहाळ्यात नळी घालून पाणी पितो तसेच. नेमोग्नाथाच्या दोऱ्यांची अशी घट्ट नळी बनत नाही. दोऱ्यांवर बारीक केसांची दाटी आहे. त्या केसांमधून मकरंद वर चढतो, जसे दिव्याच्या वातीतून तेल चढते. यासच केशाकर्षण म्हणतात. पुढे डोक्यातील पंपाची साथ त्याला मिळत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. वातीतून तेल चढायला वेळ लागतो. पण भुंगेऱ्याला घाई नाही. तो फुलावर ठाण मांडून बसलेला असतो, आणि मधून मधून परागही खातो, कारण त्याचे चावण्याचे जबडे शाबूत आहेत. सोंड आली म्हणून त्याने दात काढून टाकले नाहीत. पतंगाच्या पूर्वजांनी ते टाकले.

पतंगाला मात्र सवड नसते, आणि याचे कारण त्याच्या खर्चात आहे. हवेत जागच्या जागी थबकणे ही उडण्याची सर्वांत महागडी रीत. एवढ्या मोठ्या पतंगाला सेकंदाला २५ च्या वर वेळा पंख हलवावे लागतात. उडण्यापूर्वी तो काही वेळ नुसता थरथरत बसतो. थंडीत आपण कुडकुडतो तसा. त्या थरथरीने छातीचे स्नायू तापतात. अमेरिकेतील तंबाखूच्या पतंगावर १९७० च्या सुमारास बेर्न्ट हाइन्रिक यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की उडताना त्याच्या छातीचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या जवळपास राहते, मग बाहेर गारवा असो की उकाडा. ज्याला आपण थंड रक्ताचा क्षुद्र किडा म्हणतो, तो रात्रीच्या पाळीत आपल्यापेक्षाही गरम अंगाने काम करतो. ही भट्टी पेटती ठेवायला साखर लागते. पुन्हा ती पातळ हवी, कारण दाट पाक लांब नळीतून वर चढत नाही. म्हणून अशा पतंगांच्या आवडत्या फुलांतील मकरंद बहुधा पातळ असतो. शेकडा २०-२५ भाग साखर, बाकी पाणी.

एवढ्या काळोखात फूल सापडते कसे? वास तर आहेच. पारिजातक, रातराणी, निशिगंध, जुई, ही सारी पांढरी किंवा फिकट फुले सूर्यास्तानंतर दरवळू लागतात ती आपल्या देवपूजेसाठी नव्हे. परंतु केवळ वासावर पतंगाचे भागत नाही. स्वीडनमधील लुंड येथील विद्यापीठातील आल्मुट केल्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की याच घराण्यातील एक पतंग नुसत्या चांदण्यांच्या प्रकाशात रंग ओळखतो. तेवढ्या उजेडात आपल्याला सारे करडे दिसते.

लांब सोंडेची गोष्ट निघाली की चार्ल्स डार्विनचे नाव टळत नाही. १८६२ च्या जानेवारीत त्याच्याकडे आमरीची फुले भरलेली एक पेटी आली. तीत मादागास्कर बेटावरील एक पांढरे, चांदणीच्या आकाराचे फूल होते. त्याच्या मागे शेपटीसारखी सुमारे २९ सेंटिमीटर लांबीची पोकळ नळी, आणि मकरंद फक्त तिच्या तळाशी! डार्विनने त्याच वर्षी छापलेल्या आमरींवरील ग्रंथात लिहून टाकले, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. काहींनी थट्टा केली. १८६७ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस याने त्याची बाजू उचलून धरली. असा पतंग शास्त्रात नोंदला गेला तो १९०३ मध्ये, डार्विनच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी. आणि त्याच्या नावात 'भाकीत केलेला' अशा अर्थाचा शब्द घालण्यात आला. २०२१ साली त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला.

डार्विनचा तर्क असा : नळी आखूड असेल तर पतंग दुरूनच रस पिऊन जाईल, त्याचे डोके परागांना लागणार नाही आणि फुलाचा काहीच लाभ होणार नाही. म्हणून लांब नळीच्या फुलांना बी अधिक धरते. मग लांब सोंडेच्या पतंगांना रस अधिक मिळतो. फूल लांबते, सोंड लांबते. पुन्हा फूल लांबते. काही अभ्यासकांचे म्हणणे निराळे आहे : फुलाआड कोळी दबा धरून बसतात, त्यांच्या हाती लागू नये म्हणून पतंगाने अंतर राखायला सोंड वाढवली असावी. दोन्ही कारणे एकत्र असायला हरकत नाही. आपणही दुकानदाराच्या भावामुळे एका दुकानी जातो आणि त्याच्या कुत्र्यामुळे ओट्यावर चढत नाही.

सोंड आधी की फूल आधी, हा प्रश्न विचारल्यास आपण सारे 'फूल' असेच म्हणू. २०१८ साली या उत्तराला धक्का बसला. जर्मनीत खोदलेल्या एका विंधन-विवरातील जुन्या गाळात, पतंगाच्या पंखांवरील सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म खवले सापडले. त्यांतील काही पोकळ होते, आणि असे पोकळ खवले आज फक्त सोंडधारी पतंगांना असतात. फुलझाडांचे निश्चित अवशेष मात्र सुमारे १३ कोटी वर्षांमागे जात नाहीत. मग हे प्राचीन पतंग सोंडेने पीत होते तरी काय? सायकससारख्या बिनफुलाच्या झाडांवर, परागधारणेच्या वेळी चिकट गोडसर थेंब येतात. बहुधा त्यांवर त्यांची तहान भागत असावी. भांडे आधीच घरात होते; मिठाईचे दुकान पुढे निघाले.

आता दोघांच्या बालपणाकडे पाहू, कारण आमच्या परसातील तंटा त्यावरूनच माजला होता. रताळ्याच्या पतंगाची अळी रताळ्याच्या व त्याच्या भाऊबंद वेलींच्या पानांवर वाढते. पोटभर खाऊन झाली की ती जमिनीत शिरते आणि तेथे तांबूस कोश बनते. हा कोश हाती लागला तर अवश्य पाहावा. त्याच्या तोंडाकडून एक वाकडी दांडी निघालेली असते, अगदी कपाला कान असतो तशी. ती पुढे होणाऱ्या लांब सोंडेची म्यान होय! जन्मण्यापूर्वीच पात्राची सोय.

नेमोग्नाथाचे बालपण चोरीवर चालते. मादी कळ्यांवर व फुलांवर अंडी घालते. त्यांतून निघालेली टिचभरही नसलेली, सहा पायांची चपळ अळी फुलात दबून बसते आणि मकरंदासाठी येणाऱ्या मधमाशीला बिलगते. माशी तिला न कळत स्वतःच्या बिळात घेऊन जाते. ही माशी एकटी राहणारी, पोळे न करणारी. तिने आपल्या पिलासाठी पराग व मकरंद यांचा जो गोळा ठेवलेला असतो तो ही आगंतुक खाते आणि त्यावरच वाढते. म्हणजे पतंगाच्या बालपणाचे बिल शेतकरी भरतो, भुंगेऱ्याच्या बालपणाचे मधमाशी. पतंग आपले देणे थोडेफार फेडतो. तो रात्रभर परागांची ने-आण करतो. भुंगेराही फुलांवर हिंडताना थोडे पराग इकडचे तिकडे नेत असेल. परंतु ज्या माशीचे घर बुडवले तिला त्यातून काही पोचत नाही.

नेमोग्नाथा ज्या कुळातला, त्या कुळातील आपल्याकडील मंडळी म्हणजे हिंगे. काळ्या अंगावर नारिंगी किंवा तांबडे पट्टे असलेले हे भुंगेरे पावसाळ्याच्या उत्तरार्धात बाजरीवर, तुरीच्या व भेंडीच्या फुलांवर दिसतात. यांना लांब सोंड नाही. ते फूलच कुरतडून खातात. दिसायला देखणे, म्हणून मुले हटकून हात घालतात. त्यांच्या अंगात 'कॅन्थारिडिन' नावाचे दाहक द्रव्य असते. आमच्या नातीनेच दोन वर्षांमागे असा एक भुंगेरा मुठीत धरून मनगटावर चिरडला. तेव्हा काही वाटले नाही. रात्री आग होऊ लागली आणि सकाळी भाजल्यासारखा टपोरा फोड. घरातील वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : हिंगा अंगावर बसल्यास चिरडू नये, फुंकरीने उडवावा. अंगाला लागलाच तर ती जागा साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी, तो हात डोळ्याला लावू नये आणि फोड फोडू नये. डोळ्यात गेल्यास, किंवा मुलाने तोंडात घातल्यास, घरगुती उपचारात वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा; पोटात गेलेले हे विष जीवघेणे ठरू शकते. एवढे सांगूनही हिंग्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांतील पुष्कळांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. शेतकऱ्याचे नुकसान करणारा हाच किडा लहानपणी त्याची राखण करीत होता.

भुंगेऱ्यांना फुलांचे केवळ शत्रू समजू नये. सीताफळाचे उदाहरण घ्या. त्याच्या जाड, हिरवट, अर्धवट मिटलेल्या फुलात शिरतात ते तांदळाएवढे बारीक भुंगेरे. फूल आधी मादी असते, नंतर नर होते. भुंगेरे एकातून निघून दुसऱ्यात शिरतात तेव्हा पराग पोचतो आणि फळ धरते. जेथे हे भुंगेरे पुरेसे नसतात, तेथे बागाईतदाराला कुंचला घेऊन हाताने परागण करावे लागते. कमळाचीही कथा अशीच. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे १९९६ साली मोजणी झाली तेव्हा असे दिसले, की बाहेर १० अंश इतका गारठा असतानाही उमललेले कमळ आपल्या आतील भागाचे तापमान ३० अंशांच्या वर राखते. रात्री मिटलेल्या कमळात ऊब आणि परागांचे जेवण मिळत असेल, तर भुंगेऱ्याने तेथे मुक्काम का करू नये? आपल्या जुन्या कवींनी कमळात कोंडलेल्या भ्रमराबद्दल फार हळहळ व्यक्त केली आहे; तो भुंगेरा असता तर ती अनाठायी ठरली असती.

रात्रीच्या पतंगांची मात्र खरोखरच काळजी वाटावी अशी स्थिती आहे. स्वित्झर्लंडमधील कुरणांत रात्री रस्त्यावरच्यासारखे दिवे लावून पाहण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, दिव्याखालील फुलांना रात्रीच्या कीटकांनी दिलेल्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या आणि तेथील एका झाडाची फळधारणा १३ टक्क्यांनी उणावली. दिवसाच्या मधमाश्यांना ती तूट भरून काढता आली नाही. आणि हे केवळ रानफुलांपुरते नाही. पपईचेच पाहा. केनियातील पपईच्या बागांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तेथे नर झाडाकडून मादी झाडाकडे पराग नेण्याचे काम मुख्यतः ह्याच ससाण्या पतंगांचे. पपईच्या मादी फुलात मकरंद नसतो. पतंग तिला नर फूल समजून फसतो, आणि त्या फसगतीतून आपल्या न्याहारीची फोड तयार होते. बागेजवळ रान शिल्लक असेल तर पतंग अधिक, असेही त्या अभ्यासकांना आढळले. रान कशासाठी? तर अळ्यांना पाने मिळावीत म्हणून. फुले कितीही लावली तरी पाने खाऊ दिली नाहीत तर पतंग येणार कोठून!

तेव्हा पुन्हा परसात चला. सूनबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. वेल घरच्या खाण्यासाठी लावला होता, शोभेसाठी नव्हे. आणि पाने गेली की कंद पोसत नाही. नातीचेही म्हणणे खोटे नव्हते. मी स्वतः कीटकांवर चार शब्द लिहिणारा, तेव्हा मला मध्यस्थी टाळता येईना. पंप प्रथम परत पाठवला, कारण औषध अळी आणि मधमाशी असा भेद करीत नाही, आणि वेलाचा कोवळा पाला आमच्याकडे भाजीलाही जातो. मग तिघांनी मिळून सारा वेल चाळला. शिंगाच्या अळ्या दंश करीत नाहीत, विषारीही नाहीत. तेव्हा नातीला हाताने वेचू दिल्या. एकूण १४ निघाल्या. कुंपणापलीकडे कोणी न लावलेली गारवेल माजलेली आहे, ती रताळ्याचीच भावकी. १३ जणी तेथे नेऊन सोडल्या. त्यांतल्या किती जगल्या ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तेथे दोन साळुंक्या फार समाधानी दिसल्या.

चौदावी नातीने ठेवून घेतली. मोठ्या कुंडीत वीतभर भुसभुशीत माती, वर रोज ताजी रताळ्याची पाने आणि त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला, अशी व्यवस्था झाली. पाने पुरवण्याचे काम, न सांगता, सूनबाईंनीच पत्करले आहे, हे मी पाहून न पाहिल्यासारखे करतो. पाचव्या दिवशी अळीने खाणे सोडले, रंग काळवंडला, आणि दुपारी ती मातीत शिरली. आठवड्याने आम्ही अगदी हलक्या हाताने माती बाजूस सारून पाहिले. कोश होता, कपाचा कानही होता. माती पुन्हा पूर्ववत केली. पतंग बाहेर पडायला उष्ण हवेत सामान्यतः दोन-तीन आठवडे लागतात, त्यांतील नऊ दिवस झाले आहेत. कुंडीत एक काटकी उभी करून ठेवली आहे, म्हणजे बाहेर पडल्यावर त्याला चढून पंख लोंबते सोडता येतील आणि निवांतपणे सोंडेच्या दोन पन्हळी जोडता येतील. पडवीतला दिवा रात्री आठनंतर लावायचा नाही, असा नातीचा हुकूम आहे. त्यामुळे हा मजकूर माजघरात बसून लिहावा लागत आहे.